वास हरवलेला उन्हाळा

होळी होऊन दोन-तीन आठवडे झाले की मायचा फोन येतो. ती धुळ्याला, मी पुण्याला. "ज्वारी भिजत घाली वं सुजू," असं सांगते आणि मग उन्हाचं, नळाच्या पाण्याचं, शेजारच्या अक्कांच्या गुडघ्याचं बोलत राहते. यंदाही फोन आला तेव्हा मी कामावर होते. समोर माल्टची उघडी गोणी होती. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं, हलकं भाजलेलं जव. बिअर यापासूनच होते. मायचं ऐकता ऐकता मी त्यातली एक मूठ नाकाशी नेली. भाकरीच्या करपल्या कडेसारखा, थोडा सुक्या गवतासारखा वास आला. आला, म्हणून मला एकदम बरं वाटलं. इतकी वर्षं झाली तरी अजून दर वेळी वाटतं.

ज्वारी भिजत घातली म्हणजे बिबड्यांचे दिवस आले. खानदेशाबाहेरच्यांना सांगावं लागतं, बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड. पण नुसता पापड नव्हे. ज्वारी तीन दिवस पाण्यात राहते, आंबते. मग ती निथळून, भरडून, मीठ-तीळ-जिरं आणि लाल तिखट घालून भल्यामोठ्या पातेल्यात शिजवायची. लाकडी दांड्यानं ढवळताना दंड भरून येतात. हा घाटा गरम असतानाच गच्चीवर ओल्या धोतरावर हातानं थापायचा. ऊन चढायच्या आत सगळं आटोपायला हवं, कारण धुळ्याचं चैत्रातलं ऊन दहा वाजता अंगावर येतं. संध्याकाळी धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडलं की बिबड्या एकेक करून सुटतात. अर्धवट वाळलेली, कडा कुरकुरीत आणि मध्ये लवचीक अशी बिबडी कच्चं शेंगदाणा तेल लावून खायची. लहानपणी त्या एका घासासाठी मी दिवसभर कावळे हाकलत बसायची.

मी बिअर बनवते, हे आमच्या गल्लीत बरीच वर्षं कुणाला माहीत नव्हतं. माय सांगायची, "खावापिवानी कंपनी शे." यातलं अर्धं खरं होतं. धुळ्यातच मायक्रोबायोलॉजी शिकले, पुण्यात एका लहानशा कारखान्यात लागले, तिथे स्वतःची बिअर बनवतात आणि पुढच्या भागात विकतात. नोकरी घेतली तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच विचारलं होतं, "दुसरं काही मिळत नाही का?"

"मिळतं," मी म्हटलं, "पण मला हे येतं."

नाना पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्तीनंतर दर रविवारी ते विहारात बसतात. दारू सोडू पाहणारी माणसं तिथे येतात, बोलतात, कधी नुसतीच बसून जातात. रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे उदबत्ती लावून नाना पाच शीलं म्हणतात. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं आहे. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून मीही ते म्हणायची, शेवटच्या शब्दाला त्यांच्याइतकाच आवाज चढवून. नोकरी लागल्यावर सुट्टीत घरी गेले की मी त्या वेळी आंघोळीला जायला लागले.

मग तो उन्हाळा आला. त्या वर्षी माघात मला ताप आला. चार दिवसांनी उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. पहिल्यांदा कळलं ते चहा पिताना. गरम, गोड, पातळ काहीतरी तोंडात होतं, चहा नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले, आल्याचा तुकडा मोडला, नाकाला लावला. काही नाही. लसूण ठेचला, डोळे चुरचुरले; वास नाही.

इतर कुणाला ही गंमत वाटली असती. माझं पोट त्यावर होतं. जिभेला फार थोडं कळतं: गोड, खारट, आंबट, कडू, असं चार-पाच. बाकी सगळं नाकाचं काम. वास काढून घेतला तर कुठलीही बिअर म्हणजे कडवट पाणी, आणि मी गेली सहा वर्षं त्या पाण्यात काय काय आहे हे सांगायचा पगार घेत होते. आमच्या कारखान्याचे मुख्य चांगले माणूस. म्हणाले, "तीन महिने घरी जा. नाक आलं की ये." पण जाताना माझ्या बिअरच्या टाक्यांच्या नोंदींची वही त्यांनी माझ्याकडून घेऊन दुसऱ्याच्या हातात दिली, ते मी पाहिलं.

धुळ्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "औषध असं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार ओळखीच्या वस्तू हुंगायच्या. नाकाला आठवण करून द्यायची. कुणाचं महिन्यात येतं, कुणाचं वर्षात." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, पण मला ऐकू आलं.

मायनं मात्र हे औषधाच्या गोळीसारखं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं चार वाट्या मांडल्या: ओवा, हिंग, लवंग आणि लिंबाची साल. मी डोळे मिटून बसायची, ती एकेक वाटी नाकाखाली धरायची.

"वास उना का?"

"नाही."

"येई. घाई नको करू."

ती स्वतःही प्रत्येक वाटी हुंगायची आणि मला सांगायची. लवंग कशी घशात उतरते, हिंग आधी ओरडतो आणि मग गप्प होतो, ओव्याचा वास म्हणजे बाळंतिणीची खोली. मी तिच्या तोंडून वास घेत होते. आम्ही कामावर नव्या मुलांना शिकवतो, नुसतं छान म्हणू नका, कशासारखं आहे ते सांगा. मायला हे कुणी शिकवलं नव्हतं. दोंडाईचाजवळच्या खेड्यात सातवीपर्यंत शिकलेली ही बाई माझ्यापेक्षा नेमकं बोलत होती आणि मला ते इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात वास आला, पण चुकीचा. कांदा, चहा, भाजलेले दाणे, सगळ्याला जळक्या रबराचा वास येऊ लागला. मायनं फोडणी दिली की मी तोंडाला ओढणी लावून गच्चीवर पळायची. एका दुपारी तिनं माझ्यासाठी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि ठेचा केला. ताट समोर ठेवलं आणि मला ओकारी आली. ती ताट घेऊन आत गेली. नंतर बघितलं तर मोरीजवळ उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. त्या दिवसापासून ती माझ्यासाठी दहीभात थंड करून ठेवायला लागली आणि स्वतःही तोच खायला लागली. नानाही. आमच्या घरात तेवीस दिवस फोडणी पडली नाही.

चैत्र लागला तसं नानांनी जळगावच्या एका डाळ कारखान्याचं सांगितलं. त्यांच्या जुन्या ओळखीतून प्रयोगशाळेत जागा होती. डाळीतला ओलावा मोजायचा, खडे-कचरा तपासायचा. "नाकाचं काम नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, पण कुठेतरी सुटका होती. आणि ती लपवायचा ते प्रयत्न करत होते, म्हणून मला जास्तच दिसली.

मी गेले. सकाळची बस धरून जळगावला उतरले. मुलाखत पाऊण तासात झाली. लोक साधे, प्रयोगशाळा स्वच्छ. आठ दिवसांत कळवा म्हणाले. परतताना स्टँडबाहेर केळ्यांची गाडी लागली होती. पिवळीधमक, तपकिरी ठिपके आलेली केळी. मी अर्धा डझन घेतली आणि तिथेच उभी राहून एक सोललं. तोंडात मऊ, गोड गोळा होता. मऊ आणि गोड, बस. जळगावात उभं राहून केळ्याला केळं म्हणता येईना.

मला रडू आलं त्याचं कारण ते केळं होतं आणि नव्हतंही. माझी सगळ्यात आवडती बिअर गव्हाची. तिच्यात केळं घालत नाहीत. पण तिचं जे यीस्ट असतं, बिअर आंबवणारा तो जीव, त्याला थोडं उबदार ठेवलं तर तो स्वतःच पिकल्या केळ्याचा वास सोडतो आणि मागे लवंगेची एक बारीक रेघ. पहिल्यांदा ती चाखली तेव्हा मी परक्या शहरात, परक्या धंद्यात नवीन होते. गढूळ, दाट फेसाचा तो ग्लास नाकाशी नेला आणि लहानपणी पाहिलेल्या, मावशीच्या घरच्या केळी पिकवायच्या खोलीतच उभी राहिले. तेव्हाच ठरवलं होतं की हेच काम करत राहायचं. आता खरं केळं हातात होतं आणि खोलीचं दार बंद.

घरी आल्यावर म्हटलं, "नाना, मी जळगावला हो म्हणते."

"दोन दिवस थांब," ते म्हणाले. "बिबड्या होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारी भिजत घालून तीन दिवस झाले. नेमकी मायला सर्दी झाली, नाक गच्च. बिबडीचं सगळं गणित तिसऱ्या दिवशीच्या वासावर असतं. कमी आंबली तर बिबडी बेचव, जास्त आंबली तर कडवट. पंचवीस-तीस वर्षं माय तो वास स्वतः बघत आली. त्या सकाळी तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं, दोनदा नाक ओढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मनं नाक बंद शे. तू देख बरं."

"माय, माझं नाक माहीत आहे ना तुला?"

"देख तरी."

मी वाकले. आधी तेच जळकं रबर. मी मागे सरणार होते, पण तिचा हात पाठीवर होता. पुन्हा वाकले आणि कामावर करतो तसं केलं, दीर्घ श्वास नाही, ससा हुंगतो तसे बारीक-बारीक. रबराच्या खाली काहीतरी होतं. पातळ, थंड, हिरवट. नुकतं लागलेलं दही आणि कापलेली कैरी यांच्या मधलं. मी श्वास सोडला, पुन्हा घेतला. होतं. पण कोवळं होतं. त्याला अजून टोक आलं नव्हतं.

"आज नको," मी म्हटलं. "अजून एक दिवस."

"बठ्ठी ज्वारी वाया जाई मंग," माय म्हणाली. पण तिनं झाकण परत ठेवलं. चुलीवर चढवलेलं आधण उतरवलं, मदतीला येणाऱ्या दोघी बायकांना निरोप धाडला की आज नाही, उद्या या. एवढ्या उन्हाळ्यात पायली-दीड पायली ज्वारी, आणि तिनं ती माझ्या मोडक्या नाकावर सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना झाकण काढलं तेव्हा मला वाकावंही लागलं नाही. तो वास उभ्यानंच आला. आंबट, स्वच्छ, धारदार, जिभेच्या कडांना पाणी आणणारा. मी नुसती मान हलवली. माय ओरडलीच, "आयका का हो, सुजूनं नाक परत उनं!" नाना उदबत्ती लावत होते, ती हातात घेऊनच स्वयंपाकघराच्या दारात आले.

सगळं नाक परत आलं नव्हतं. कांदा पुढे चार महिने जळका राहिला, कोथिंबीर तर आजही पूर्वीसारखी येत नाही. पण तो एक वास आला होता, आणि तो माझ्या कामातला होता. आंबट बिअरचा वास हाच. लोकांना वाटतं बिअर म्हणजे कडू. मला फार कडू नाही आवडत. हॉप्स नावाची फुलं घालून कडवट केलेली, संत्र्याच्या सालीसारखी घमघमणारी बिअर तरुण मुलं आवडीनं मागतात. मी ती नीट बनवते, पण स्वतःसाठी ओतून घेत नाही. काळी, खूप भाजलेल्या जवाची बिअर पावसाळ्यात एखादा घोट बरी. बाकी आपला जीव गव्हाच्या आणि आंबट बिअरमध्ये. त्या आंबटपणातही फरक असतो. वाईट आंबट जिभेला चावतं आणि तिथेच बसून राहतं. चांगलं आंबट येतं, तोंड धुऊन टाकतं आणि निघून जातं. घोट संपल्यावर तोंडात गोडाचा चिकटा राहू नये, आणि दुसरा घोट घ्यावा असं वाटताना आपण तो सावकाश घ्यावा, एवढं जमलं तर बिअर चांगली. बाकी रंग, फेस, नावं, नंतरचं.

हे सगळं मी त्या दिवशी गच्चीवर नानांना सांगितलं. बिबड्या थापून झाल्या होत्या, बायका चहा पिऊन गेल्या होत्या. नाना डोक्यावर ओला टॉवेल टाकून, हातात काठी घेऊन कावळ्यांवर नजर ठेवून बसले होते. मी शेजारी बसले. त्यांनीच विचारलं, "तुला त्यात नेमकं काय आवडतं?" सहा वर्षांत पहिल्यांदा. मी सांगत गेले, गव्हाचं, केळ्याचं, आंबटाचं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाले, "म्हणजे चव महत्त्वाची. नशा नाही."

"नशा येते, नाना. येत नाही असं मी खोटं सांगणार नाही."

"रविवारी माझ्यासमोर बसतात ना, त्यातला एकही पहिल्या दिवशी नशेसाठी बसला नव्हता. कुणी चवीसाठी, कुणी मित्रासाठी."

आमच्याकडे रोज संध्याकाळी येणारे दोन-तीन चेहरे मला माहीत आहेत, ज्यांना आता चवीशी काही देणंघेणं उरलेलं नाही. त्यांच्या टेबलाकडे मी बघायचं टाळते.

कावळा कठड्यावर आला, नानांनी काठी आपटली. "तू हे काम करतेस, हे मला दुखतं," ते म्हणाले. "आणि आज सकाळी तुला वास आला तेव्हा मला जे वाटलं, ते तुझ्या जन्माच्या वेळी वाटलं होतं. आता दोन्ही खरं आहे. त्यातलं एक सोडून दे असं मला कुणी सांगू नये, आणि मी तुला सांगत नाही." मग उठता उठता म्हणाले, "जळगावला नाही म्हणून मीच कळवतो. ओळख माझी आहे."

त्या वर्षीच्या बिबड्या फार चांगल्या झाल्या होत्या. हे मी मुलगी म्हणून म्हणत नाही. अक्कांनी दोनदा मागून नेल्या.

वैशाखाच्या शेवटी मी पुण्याला परतले. पहिला महिना अर्ध्या नाकानं काम केलं. जिथे खात्री नव्हती तिथे सरळ विचारलं, "तुला काय येतं?" पूर्वी मी असं विचारत नव्हते. मग पावसाळ्यात हट्टानं ज्वारीची आंबट बिअर लावली. पहिली टाकी ताकासारखी झाली, ओतून दिली. दुसरी बरी. तिसऱ्या वेळी मायला फोनवर विचारून ज्वारी एक दिवस जास्त ठेवली, आणि ती जमली. पुसट पिवळी, हलकी, नशेला अगदी कमी, शेवटी किंचित मिठाची चव. लोक विचारतात, यात काय आहे? मी सांगते, धुळ्याचा उन्हाळा. ते हसतात.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी माय-नाना पुण्याला आले. सोमवारी आमच्याकडे विक्री बंद असते. मायनं हट्ट धरला, "माले देखनं शे, तू काय करस." मला वाटलं नाना घरीच थांबतील. ते स्वेटर घालून तिच्याआधी दारात उभे.

आत आल्यावर त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, इथे बूट लागतात, फरशी ओली असते. "इतकी स्वच्छ आहे म्हणून काढल्या," ते म्हणाले. मी दोघांना रबरी बूट दिले. माय प्रत्येक टाकीला हात लावून बघत होती, कुठली गार, कुठली कोमट. त्या दिवशी आमचं पहिलं काम चालू होतं: भरडलेलं माल्ट गरम पाण्यात घालून त्याचं गोड पाणी काढायचं. या पाण्यात अजून यीस्ट पडलेलं नसतं. नशेचा थेंबही नसतो.

मी नळ सोडून दोन ग्लास भरले. वाफाळतं, मधाच्या रंगाचं. मायनं लगेच घेतलं. नाना ग्लासाकडे बघत राहिले.

"यात अजून काही नाही, नाना. धान्य आणि पाणी. कुठलंच शील मोडत नाही."

त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला. आधी वास घेतला, मग एक घोट. मग डोळे मिटून दुसरा. सगळा ग्लास संपवला आणि तळाशी राहिलेला भुसा बघत म्हणाले, "हे तर किती चांगलं आहे गं. इथंच का थांबवत नाहीस?"

"थांबत नाही, नाना," मी म्हटलं. "नुसतं ठेवलं तरी उद्यापर्यंत आपोआप पुढे जातं."

ते विचारात पडले. टाकीकडे बघितलं, मायकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला.

"मग ते पुढे जायच्या आत," नाना म्हणाले, "अजून अर्धा दे."